सहकुटुंब पहिल्यांदाच हॉटेलात राहायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठीत ‘हॉटेल’ म्हटलं की आधी मिसळ आणि कटिंग आठवते. राहायच्या जागेला आपण लॉज म्हणत आलो आणि खेड्यापाड्यांत अजूनही म्हणतात. हे पान मुक्कामाच्या हॉटेलांविषयी आहे: महाबळेश्वर, माथेरान, कोकण किनारा, गोवा अशा ठिकाणी दोन मुलं आणि आजी-आजोबांना घेऊन दोन-तीन रात्री राहायला जाणाऱ्या घरांसाठी.

बुकिंगच्या आधी फोनवर नेमकं काय विचारायचं?

हॉटेलात होणारी बहुतेक वादावादी पैसे भरण्याआधी विचारायच्या राहून गेलेल्या प्रश्नांवरून होते. म्हणून पैसे पाठवायच्या आधी हे विचारून घ्या आणि उत्तरं व्हॉट्सअॅपवर लिहून मागा.

चेक-इन आणि चेक-आउट किती वाजता? सांगितलेल्या दरात कर धरलाय की वेगळा? मुलांची वयं सांगून, त्यांचे किती? गरम पाणी दिवसभर येतं की ठरावीक वेळेतच? लिफ्ट आहे का, आणि वीज गेली तर ती जनरेटरवर चालते का? गाडी आवारात लागते का? रद्द केलं तर किती दिवस आधी किती पैसे परत?

गरम पाण्याचा प्रश्न फालतू वाटतो, पण तो विचाराच. छोट्या हॉटेलांत सोलरचं पाणी सकाळी दोन-तीन तासच येतं. सूर्योदय बघून नऊला परतलेल्या माणसाला मग गार पाण्याने आंघोळ करावी लागते.

ईपी, सीपी, एमएपी, एपी म्हणजे काय?

भाड्यात जेवण किती धरलंय, त्याच्या या खुणा. ईपी म्हणजे फक्त खोली. सीपी म्हणजे खोली आणि सकाळचा नाश्ता. एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, बहुतेक रात्रीचं. एपी म्हणजे नाश्ता आणि दोन्ही जेवणं.

दिवसभर फिरणार असाल तर सीपी पुरतं. एपी घेतलं की दुपारच्या जेवणासाठी अर्ध्या वाटेतून परत यावं लागतं, नाहीतर भरलेले पैसे वाया जातात. माथेरानसारख्या ठिकाणी मात्र एपी सोयीचं पडतं. तिथे बहुतेक फिरणं पायी असतं, आणि दमलेल्या मुलांना घेऊन रात्री पुन्हा बाजारात जेवायला जाण्याचं कुणाच्या जिवावर येत नाही?

मुलांचे पैसे कसे लावतात?

प्रत्येक हॉटेलाचं वेगळं. पण साधारण रीत अशी: पाच वर्षांखालचं मूल आई-वडिलांच्याच पलंगावर झोपलं तर फुकट, पाच ते बारा वर्षांचं असेल तर नाश्त्याचे किंवा थोडे जास्तीचे पैसे, बारावर मोठ्या माणसाचा दर आणि जास्तीची गादी. एका खोलीत तीन मोठी माणसं ही बहुतेक ठिकाणी मर्यादा असते. मुलाचं वय लपवू नका. काउंटरवर शाळेचं ओळखपत्र मागितलं की मुलासमोरच खोटं उघडं पडतं.

जास्तीची गादी म्हणजे बहुतेकदा जमिनीवर घालायची गादी, पलंग नव्हे. गुडघे दुखणाऱ्या आजींना तिच्यावर झोपायचं असेल तर ‘रोल-अवे बेड (चाकांचा घडीचा पलंग) आहे का’ असं वेगळं विचारा.

खोलीवर जीएसटी किती लागतो?

२२ सप्टेंबर २०२५ पासून खोलीचं रोजचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्याहून जास्त असेल तर १८ टक्के. ४,००० रुपयांच्या खोलीला एका रात्रीचे ४,२०० होतात. सीमेवरच्या दरांकडे नीट बघा: ७,५०० ची खोली करासह ७,८७५ ला पडते, तर ७,६०० ची ८,९६८ ला. भाड्यात शंभराचा फरक, बिलात जवळजवळ अकराशेचा. अशा वेळी दर थोडा खाली आणायला सांगण्यात संकोच कसला? बरेच मॅनेजर ऐकतात, कारण त्यात त्यांचाही गिऱ्हाईक टिकवण्याचा फायदा असतो.

अॅडव्हान्स पाठवताना फसवणूक कशी ओळखायची?

दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत खऱ्या हॉटेलांचे फोटो लावून खोट्या वेबसाइट आणि खोटे फोन नंबर फिरतात. युपीआयवर पैसे पाठवताना पडद्यावर येणारं नाव हॉटेलाचं किंवा त्याच्या कंपनीचं आहे का ते पाहा. एखाद्या व्यक्तीचं नाव आलं तर थांबा. घरगुती होम-स्टेमध्ये मालकाचं नाव येणं साहजिक आहे. तिथे मालकाशी व्हिडिओ कॉल करून खोली दाखवायला सांगा. ‘आत्ता पूर्ण पैसे भरा, नाहीतर खोली गेली’ अशी घाई करणारा बहुधा भामटाच असतो. फसलात तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा; जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात.

ओळखपत्र कोणतं लागतं? सगळ्यांचं लागतं का?

प्रत्येक मोठ्या माणसाचं. आधार, ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट चालतो. पॅन कार्ड चालत नाही, कारण त्यावर पत्ता नसतो. ‘बाबांचं आधार घरीच राहिलं’ हा रोजचा प्रसंग आहे, म्हणून निघण्याआधी सगळी मूळ कार्डं एका पाकिटात घाला.

आधारची प्रत द्यायची तर मास्क्ड आधार द्या. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. आधारच्या संकेतस्थळावरून ते उतरवून घेता येतं. साधी झेरॉक्स दिलीत तर तिच्यावर हॉटेलाचं नाव आणि तारीख लिहून सही करा.

बरोबर परदेशी पासपोर्टवाले नातेवाईक असतील, अगदी ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं) कार्ड असलेला अमेरिकेतला पुतण्यासुद्धा, तर त्यांचा मूळ पासपोर्ट लागतो. हॉटेलाला त्यांची माहिती ‘फॉर्म ३’वर (पूर्वीचा ‘सी फॉर्म’) २४ तासांत सरकारला कळवावी लागते. लहान लॉजवाले ही कटकट नको म्हणून खोलीच नाकारतात, तेव्हा आधी विचारून ठेवा.

सकाळी सातलाच पोचलो तर खोली मिळेल का?

हक्काने नाही. दुपारी १२ ला चेक-आउट आणि १ किंवा २ ला चेक-इन हा साधारण नियम. मधल्या वेळात खोली साफ होते. काही थंड हवेच्या ठिकाणी चेक-आउट सकाळी ९ किंवा १० लाच असतं. रात्रीच्या बसने पहाटे उतरणार असाल तर दोन पर्याय: आदल्या रात्रीपासून खोली घ्या, किंवा सामान ठेवून तोंड धुण्यापुरती जागा मागा. सामान बहुतेक हॉटेलं विनामूल्य ठेवून घेतात. रिसेप्शनसमोरच्या सोफ्यावर सगळ्या घराने पथारी पसरणं मात्र बरं दिसत नाही.

खोलीत शिरल्यावर आधी काय बघायचं?

बॅगा उघडण्याआधी दहा मिनिटं द्या. एसी लावा, गरम पाण्याचा नळ सोडा, फ्लश ओढा, टीव्ही चालू करा, दाराची आतली कडी लावून बघा, बाल्कनीच्या कठड्याची उंची आणि गजांमधली फट बघा. चादर उचलून गादीचे कोपरे बघा. काळे ठिपके दिसले तर ढेकूण असू शकतात. भिंतीवर ओल, तुटलेली काच, आधीचा डाग दिसला तर फोटो काढून रिसेप्शनला लगेच कळवा. खोली बदलून मागायची योग्य वेळ हीच. कपडे कपाटात लागल्यावर, बाथरूम वापरून झाल्यावर मागितली तर हॉटेलाला ती खोली पुन्हा पूर्ण साफ करावी लागते आणि तेही कुरकुरतात.

दाराच्या मागे एक नकाशा चिकटवलेला असतो. आग लागली तर बाहेर पडायचा जिना त्यात दाखवलेला असतो. मुलांना बरोबर घेऊन त्या जिन्यापर्यंत एकदा चालून या. आगीच्या वेळी लिफ्ट वापरायची नसते, हेही तिथेच सांगा.

चावीऐवजी कार्ड दिलंय. ते कसं वापरायचं?

दाराच्या कुलपाजवळ धरलं की हिरवा दिवा लागतो, तेवढ्यात मूठ दाबायची. आत आल्यावर तेच कार्ड दाराशेजारच्या खाचेत ठेवलं की खोलीची वीज सुरू होते. कार्ड काढलं की थोड्या वेळात सगळं बंद. मोबाइल चार्जिंगला लावून जेवायला गेलात तर परत येईपर्यंत तो तसाच राहतो. फ्रिजचा प्लग बऱ्याच ठिकाणी सतत चालू असतो, पण इन्सुलिन किंवा बाळाचं औषध ठेवणार असाल तर आधी विचारून खात्री करा.

दार आपोआप बंद होतं आणि बाहेरून कार्डाशिवाय उघडत नाही. लहान मूल आत आणि आपण बाहेर, असं होऊ शकतं. घाबरू नका, रिसेप्शनकडे मास्टर कार्ड असतं. तरी दोन कार्डं मागून घ्याच. एक आजोबांच्या खिशात. चेक-आउटच्या वेळेला कार्ड आपोआप बंद पडतं, त्यामुळे मुक्काम वाढवला तर ते काउंटरवर पुन्हा चालू करून घ्यावं लागतं.

बाथरूममध्ये गोंधळ कुठे होतो?

सगळ्यात जास्त टॉवेलांत. मोठा अंगाला, मधला हाताला, छोटा चौकोनी तोंडाला. आणि एक जाड, आखूड टॉवेल असतो, कधी त्यावर पावलाचं चित्रही असतं: तो जमिनीवर घालून ओले पाय टेकवायचा. त्यानेच तोंड पुसणारे कमी नाहीत.

नळाची एकच दांडी असेल तर साधारणपणे डावीकडे गरम, उजवीकडे थंड. पाइपातलं गार पाणी निघून जाईपर्यंत दोन-तीन मिनिटं गरम पाणी येत नाही आणि मग एकदम कढत येतं. मुलांना शॉवरखाली उभं करण्याआधी दांडी थंडाच्या बाजूला ठेवून हळूहळू फिरवा. शॉवरचं काचेचं दार लावून घ्या, नाहीतर पाणी बाहेरच्या गुळगुळीत फरशीवर येतं आणि घसरून पडण्याचे बहुतेक प्रकार तिथेच होतात.

बादली-मग हवा असेल तर हाउसकीपिंगला फोन करा. मागायला लाजू नका, आपल्याकडच्या बहुतेक हॉटेलांत तो ठेवलेला असतो. सॅनिटरी पॅड, डायपर, ओले वाइप्स फ्लशमध्ये टाकू नका. पाइप तुंबला तर घाण तुमच्याच खोलीत वर येते.

वापरलेला टॉवेल जमिनीवर टाकला म्हणजे ‘बदला’, दांडीवर टांगला म्हणजे ‘अजून वापरतो’, ही सगळीकडची खूण.

पलंगाच्या पायथ्याशी घातलेली ती रंगीत पट्टी कशाची?

शोभेची. काढून खुर्चीवर ठेवा. पांघरूण गादीखाली घट्ट खोचलेलं असतं, ते ओढून मोकळं करायचं. तसेच आत सरकून झोपायची गरज नाही.

खोलीतल्या किटलीत दूध तापवलं, मॅगी केली तर?

करू नका. किटली फक्त पाण्यासाठी असते. दूध तळाला लागून करपतं आणि उतू जाऊन खालच्या वीजजोडणीत शिरतं. पाणी उकळल्यावर किटली बंद होते ती वाफ आतल्या पट्टीपर्यंत पोचते म्हणून. झाकण उघडं ठेवून मॅगी शिजवली तर वाफ बाहेरच जाते आणि किटली बंदच होत नाही. आधीच्या पाहुण्याने काय शिजवलं होतं ते माहीत नसतं, म्हणून पहिलं पाणी उकळून फेकून द्या.

बाळासाठी दूध, मऊ भात, बिनतिखटाचं वरण हवं असेल तर स्वयंपाकघराला सांगा. मात्र दुपारी तीन ते सात आणि रात्री साडेदहानंतर बऱ्याच ठिकाणी चूल बंद असते. इंडक्शन शेगडी घरून नेऊ नका.

अगरबत्ती, निरांजन लावलं तर चालेल?

छतावर पांढरी वाटीसारखी वस्तू दिसते ना, तो धुराचा सेन्सर. धूप-कापराने तो वाजतो आणि अख्खा मजला पॅसेजमध्ये येतो. रोजची पूजा चुकवायची नसेल तर फुलं आणि हात जोडणं पुरे; किंवा मोकळ्या अंगणाची परवानगी मागा, कोकणातले घरगुती होम-स्टे ती आनंदाने देतात.

हळदी-कुंकवाचे हात पांढऱ्या टॉवेलला पुसू नका. हळदीवर साबण पडला की डाग लाल होतो आणि जाता जात नाही. मेंदी, केसांचा रंग, अंगाला लावलेलं तेल यांचंही तेच. अशा चादरीचे पूर्ण पैसे बिलात लागू शकतात. लग्नघरातून थेट येणार असाल तर घरची जुनी चादर आणि दोन जुने टॉवेल सोबत ठेवा.

घरचा खाऊ नेला तर?

चिवडा, लाडू, दशम्या खोलीत खायला कुणी अडवत नाही. हॉटेलच्या रेस्टॉरंटमध्ये डबा उघडणं मात्र बरोबर नाही. बाहेरून जेवण मागवायचं तर आधी विचारा. गोड डबे बंद करून ठेवा, मुंग्या लागतात. आणि महाबळेश्वर-माथेरानला माकडं! खिडकी उघडी ठेवून नाश्त्याला गेलात तर परत येईपर्यंत लाडवांचा डबा झाडावर. खिडकीचा बोल्ट लावा, नुसती काच सरकवून ठेवू नका. माकडं ती सरकवतात.

बुफेत कसं वागायचं?

पहिली फेरी रिकाम्या हाताने. काय काय आहे ते बघा, मग ताटली घ्या. थोडं वाढा, पुन्हा जा. दुसऱ्या वेळी ताटली नवी घ्यायची, उष्टी टेबलावरच सोडायची. ज्या भांड्याचा डाव त्याच भांड्यात ठेवा, अंड्याचा डाव उपम्यात गेला की शाकाहारी माणसाचा नाश्ता संपला. डोसा-ऑम्लेट करून देणाऱ्यापाशी रांग असते, तिथे ताटल्या पुढे सरकवून नंबर लावू नका. टोस्टरच्या फिरत्या पट्ट्यावर लोणी लावलेला पाव ठेवायचा नाही, लोणी गळून धूर होतो. कोरडा पाव दोनदा फिरवा, रंग येतो.

नाश्ता खोलीत न्यायचा नसतो, पिशवीत भरायचा तर अजिबात नाही. सकाळी लवकर निघायचं असेल तर आदल्या रात्री आठ-नऊच्या आत सांगा, बरेच जण डबा बांधून देतात. उपवासाचंही तसंच: आदल्या रात्री सांगितलं तर साबुदाणा भिजतो, सकाळी सांगून भिजत नाही.

सर्व्हिस चार्ज आणि टीप द्यावीच लागते का?

सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. बिलात लावला असेल तर शांतपणे काढायला सांगा. ऐकलं नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पाण्याच्या बाटलीचं मात्र वेगळं: हॉटेलात बसून घेतलेल्या बाटलीला छापील किमतीहून जास्त घेता येतात, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल आहे. खोलीत ठेवलेल्या दोन बाटल्या सहसा फुकट असतात, फ्रिजमधल्या नसतात.

टीप मनाची. देणार असाल तर खोली साफ करणाऱ्यांना विसरू नका. ती माणसं समोर दिसत नाहीत म्हणून नेहमी राहून जातात.

पोहण्याच्या तलावात टी-शर्ट का चालत नाही?

सुती कपड्याचे धागे सुटतात आणि गाळणीत अडकतात. शिवाय भिजलेला सुती कपडा जड होऊन मुलांना खाली ओढतो. नायलॉन-लायक्राचे कपडे हवेत. बायकांसाठी पूर्ण बाह्यांचे, गुडघ्याखालपर्यंतचे पोशाख बाजारात सहज मिळतात. उतरण्याआधी शॉवर घ्या, केसांचं तेल धुवा. बाळाला साधा डायपर घालून उतरवू नका, तो पाणी पिऊन फुगतो. पोहण्याचे वेगळे डायपर मिळतात. पाणी किती खोल ते फुटांत लिहिलेलं असतं. जीवरक्षक असला तरी मुलापासून हातभर अंतरावर एक मोठं माणूस हवंच, आणि त्याच्या हातात मोबाइल नको.

समुद्रावरून आलात तर बाहेरच्या नळावर पाय आणि कपडे धुऊनच खोलीत या. वाळूने बाथरूमची मोरी तुंबते. ओले कपडे बाल्कनीच्या कठड्यावर टाकले तर वाऱ्याने खाली जातात. बाथरूमच्या भिंतीवर गोल डबी असेल तर तिच्यातून दोरी ओढून निघते, तिथे वाळत घाला.

माथेरानला जाताना वेगळं काय?

गाडी दस्तुरी नाक्यालाच थांबते, पुढे बाजारपेठ सुमारे अडीच-तीन किलोमीटर. तुमचं हॉटेल त्याच्याही पुढे असू शकतं. बुकिंग करतानाच दस्तुरीपासूनचं अंतर आणि हमालाचा, घोड्याचा, ई-रिक्षाचा चालू दर विचारा. लाल मातीत ट्रॉली बॅगेची चाकं फसतात, पाठीवरच्या सॅका न्या.

पावसाळ्यात महाबळेश्वर आणि माथेरान दोन्हीकडे गाद्या-चादरी दमट लागतात. तो अस्वच्छपणा नव्हे, हवाच तशी असते. वरच्या मजल्यावरची, हवेशीर खोली मागा.

ड्रायव्हरची सोय कोण करतं?

हे आधी विचारायचं असतं आणि बरीच घरं विसरतात. काही हॉटेलांत ड्रायव्हरसाठी सामायिक खोली असते, काहींत काहीच नसतं आणि तो गाडीत झोपतो. दुसऱ्या दिवशी महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरायचा असेल तर त्याची झोप तुमच्याच कामाची आहे.

घरी काय नेलेलं चालतं?

छोटा साबण, शॅम्पूची पुडी, दात घासायचा संच, चहाच्या पिशव्या, कापडी-कागदी चपला: चालतं. टॉवेल, हँगर, कप, उशीचा अभ्रा, रिमोट: नाही. रबरी चपलाही नाही.

निघताना काय करायचं?

अर्धा तास आधी रिसेप्शनला सांगा, म्हणजे खोली तपासून बिल तयार राहतं. बिलात कपडे धुलाईचे नगावारी पैसे आणि फ्रिजमधल्या वस्तू तपासा. न घेतलेली वस्तू लागली असेल तर तिथेच बोला. चेक-इनला कार्डावर रक्कम अडवून ठेवली असेल तर ती सोडल्याची नोंद मागा, खात्यात दिसायला काही दिवस लागतात.

मग एका माणसाने, एकट्यानेच, खोलीत परत जाऊन या जागा बघायच्या: तिजोरी, फ्रिज, पलंगामागचा चार्जरचा प्लग, बाथरूमच्या दाराची मागची खुंटी, उशीखालची कवळी किंवा चष्मा, आणि पलंगाखाली गेलेलं खेळणं. तिजोरीचा आकडा मुलांनी ठरवला असेल तर त्यांना बसमध्ये बसवण्याआधी तो विचारून घ्या.